हिशेब आधी, पुरावा नंतर : वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाची गोष्ट

आजचा विषय तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. रासायनिक अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांचं एकूण वस्तुमान आणि अभिक्रियेनंतर तयार होणाऱ्या पदार्थांचं एकूण वस्तुमान सारखंच राहतं. शाळेत हा नियम आपण एका वाक्यात शिकतो. खाली आंत्वान लाव्हाझिए हे फ्रेंच नाव असतं, आणि नावाच्या मागेपुढे ‘प्रयोगाने सिद्ध केले’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. मला आज बोलायचंय ते या ‘प्रयोगाने सिद्ध केले’बद्दल. कारण लाव्हाझिएचे प्रयोग जवळून पाहिले, त्याने स्वतः छापलेले आकडे तपासले, तर वेगळंच चित्र दिसतं. त्याच्या हातात हा नियम प्रयोगाच्या शेवटी आलेला नाही, तो प्रयोग सुरू होण्याआधीपासूनच तिथे आहे. आणि नियमाची खरी, कसून परीक्षा झाली ती त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, बर्लिनमध्ये, एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या हातून.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. हा नियम डोळ्यांना पटणारा नाही. चुलीत पाच किलो लाकूड घाला, मूठभर राख उरते. मेणबत्ती जळते आणि काहीच उरत नाही. उलट लोखंडाचा खिळा गंजतो तेव्हा तो जड होतो. रोजच्या अनुभवावरून कुणी नियम बांधायला बसला असता तर त्याने लिहिलं असतं की जळताना वजन कधी घटतं, कधी वाढतं, ज्या त्या पदार्थाची मर्जी.

जगात शून्यातून काही निर्माण होत नाही हे तत्त्वज्ञांनी फार पूर्वी म्हटलेलं आहे. ग्रीकांनी म्हटलंय, आपल्याकडे सांख्यांचा सत्कार्यवाद आहे. हे अशा भाषणानंतर नेहमी कुणीतरी सुचवतं, म्हणून आधीच सांगतो. ते विचार थोर आहेत, पण त्यात तराजू नाही. ‘काहीतरी’ टिकून राहतं एवढंच ते सांगतात. टिकून राहणारी गोष्ट म्हणजे वजन, आणि ते मोजता येतं, हे म्हणायला कुणीतरी पारडं हातात घ्यावं लागलं.

ते पारडं घेतलेल्या माणसांपैकी एकाची गोष्ट सांगतो. १६३० साल. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातला ज्यां रे नावाचा एक वैद्य. बर्जराक गावातल्या ब्रँ नावाच्या औषधविक्रेत्याने त्याला एक कोडं घातलं. या ब्रँने २ पौंड ६ औंस कथील लोखंडी भांड्यात घालून सहा तास उघड्यावर तापवलं होतं. कथील म्हणजे आपल्याकडे कल्हईवाला वापरतो तो धातू. त्याचं पांढरं भस्म झालं. आपल्या वैद्यांना हे नवीन नाही, वंगभस्म म्हणतात ते कथलाचंच. तर ब्रँने भस्म तोललं आणि ते भरलं २ पौंड १३ औंस. सात औंस जास्त! जाळलेली वस्तू जड कशी झाली? रेने एक छोटं पुस्तक लिहून उत्तर दिलं : हवा. तापवताना हवा दाट होते आणि भस्माच्या कणांना चिकटते, जसं वाळूत पाणी मुरलं की वाळू जड होते तसं. उत्तराचा तपशील चुकीचा आहे, पण बोट योग्य दिशेला आहे. पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही.

त्यानंतर रॉबर्ट बॉइल. हा मोठा माणूस, लंडनच्या रॉयल सोसायटीचा आधारस्तंभ. १६७३ साली त्याने प्रयोग छापले. कथील काचेच्या रिटॉर्टमध्ये घातलं. रिटॉर्ट म्हणजे आपल्या जुन्या शालेय पुस्तकांतलं बकपात्र, लांब वाकड्या मानेचं. मान वितळवून बंद केली आणि बराच वेळ तापवलं. भस्म झालं. मग मानेचं टोक फोडलं, तेव्हा बाहेरची हवा सूं करून आत शिरली. हा आवाज बॉइलने नोंदवलाय. त्यानंतर त्याने वजन केलं, ते वाढलेलं होतं. भांडं तर बंद होतं, मग वजन आलं कुठून? बॉइलचं उत्तर असं की अग्नीचे कण काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून आत गेले आणि धातूला चिकटले. अग्नीलाही वजन असतं!

आता तुम्ही म्हणाल, चूक अगदी समोर आहे, त्याने भांडं उघडण्याआधी वजन करायला हवं होतं. बरोबर. पण ते आपल्याला आज दिसतं, कारण आपण ‘बंद भांड्यात आवक-जावक नाही’ असं गृहीत धरून बघतो. बॉइलच्या मनात तो हिशेब नव्हता. त्याच्या दृष्टीने बंद भांडं अग्नीला बंद नव्हतंच. म्हणजे प्रयोग तोच, उपकरण तेच, आणि निष्कर्ष उलटा. निव्वळ तराजूने हा नियम हाती लागत नाही.

इथे रशियाचा उल्लेख करायला हवा, कारण रशियन पुस्तकांत या नियमाला लोमोनोसोव्हचं नाव जोडलेलं असतं. मिखाईल लोमोनोसोव्हने १७४८ साली गणितज्ञ ऑयलरला एक पत्र लिहिलं. त्यातला विचार असा की एका ठिकाणी जेवढं वाढतं तेवढं दुसऱ्या ठिकाणी कमी होतं, हा निसर्गाचा सार्वत्रिक कायदा आहे. त्याने दिलेली उदाहरणं गमतीची आहेत. पदार्थाचं तर आहेच, गतीचंही आहे, आणि शिवाय माणूस जितके तास झोपतो तितके तास त्याच्या जागेपणातून वजा होतात! या शेवटच्या उदाहरणावरून कळतं की हा प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. ही जमाखर्चाची दृष्टी होती. १७५६ मध्ये त्याने बॉइलचा प्रयोग पुन्हा केला, भांडं न उघडता तोललं आणि वजन बदलत नाही असं नोंदवलं. पण हे काम बाहेर पोचलंच नाही. १९०४ मध्ये बोरिस मेन्शुत्किन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने जुने कागद बाहेर काढले, तेव्हा जगाला कळलं. पुढे सोव्हिएत काळात या अग्रक्रमाला राष्ट्रीय अभिमानाचा रंग चढला. माझं मत विचाराल तर लोमोनोसोव्हला श्रेय द्यावं, पूर्ण द्यावं. पण रसायनशास्त्र बदललं ते त्याच्या कामामुळे नाही, कारण त्याचं काम वाचून कुणी काही केलं नाही.

त्याच १७५६ साली स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकने मात्र एक महत्त्वाची युक्ती छापली. मॅग्नेशिया किंवा चुनखडी तापवली की वजन घटतं. घटलेलं वजन म्हणजेच निसटलेल्या वायूचं वजन, असं त्याने धरलं. वायू पकडून तोलण्याची गरजच नाही. आज तो वायू आपण कार्बन डायऑक्साइड म्हणून ओळखतो. बघा, इथे नियम कुणी मांडलेला नाही, सिद्ध केलेला नाही, पण त्याच्या जिवावर एक अदृश्य गोष्ट मोजली गेली.

आता लाव्हाझिए. जन्म १७४३, पॅरिस, वकिली घराणं, पैसा भरपूर. १७६८ हे त्याच्या आयुष्यातलं महत्त्वाचं वर्ष. त्या एका वर्षात तो विज्ञान अकादमीत गेला आणि ‘फर्म जेनेराल’ या संस्थेत भागीदारही झाला. फर्म म्हणजे राजाकडून अप्रत्यक्ष कर वसूल करण्याचा मक्ता घेतलेली धनिकांची मंडळी. मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये येणाऱ्या मालावरची जकात हे सगळं यांच्याकडे. राजाला ठरलेली रक्कम द्यायची, वर मिळेल ते आपलं. आपल्याकडच्या इजारदारीसारखंच. त्या कामात लाव्हाझिए तंबाखूच्या भेसळीची तपासणी करत फिरला. पुढे पॅरिसभोवती जकातीसाठी भिंत बांधण्याची कल्पनाही त्याचीच. भिंतीच्या आत काय आलं, काय गेलं, किती मुरलं, किती चोरीला गेलं, हा त्याचा रोजचा धंदा.

मी असं म्हणणार नाही की जकात नाक्यावरून रसायनशास्त्र आलं. असं सोपं कारण देणं मला आवडत नाही. पण सकाळी प्रयोगशाळेत आणि दुपारी फर्मच्या कचेरीत हा माणूस एकच प्रश्न विचारत होता, एवढं नक्की.

त्याचा सुरुवातीचा प्रयोग बघा. त्या काळी समज होता की पाणी पुन्हापुन्हा उकळलं की त्याची माती होते, कारण तळाशी गाळ दिसतो. लाव्हाझिएने पावसाचं पाणी आठ वेळा ऊर्ध्वपातित केलं, काचेच्या अशा भांड्यात भरलं की वाफ वर जाऊन थंड होऊन परत त्याच भांड्यात पडावी, आणि २४ ऑक्टोबर १७६८ पासून ते सतत तापवत ठेवलं. १०१ दिवस! सगळ्याचं मिळून वजन जवळजवळ जराही बदललं नाही, फरक पाव ग्रेनचा. फ्रेंच ग्रेन म्हणजे ५३ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहूनही कमी. मग त्याने रिकामं भांडं तोललं. ते सुमारे १७.४ ग्रेननी हलकं झालं होतं. गाळ काचेतून आलेला होता, पाण्यातून नव्हे. सुंदर प्रयोग आहे.

पण आता पुढचा आकडा ऐका. तरंगणारा गाळ आणि पाणी आटवल्यावर उरलेला गाळ मिळून भरला साधारण २०.४ ग्रेन. काच गेली १७.४, गाळ आला २०.४. तीन ग्रेन जास्त! वर काढलेल्या पाव ग्रेनपेक्षा कितीतरी मोठा फरक. प्रामाणिक संशयी माणूस इथे म्हणू शकला असता की सतरा भाग काचेचे आणि तीन भाग खरोखरच पाण्याची माती झालेले. लाव्हाझिए तसं म्हणाला नाही. हे तीन ग्रेन प्रयोगातल्या हाताळणीतून आले असणार असं त्याने धरलं. आणि तो बरोबर होता. पण तो बरोबर होता हे त्या प्रयोगातून कळत नाही. हिशेब जुळलाच पाहिजे या खात्रीतून त्याने ठरवलं की कुठला आकडा मानायचा आणि कुठला सोडायचा.

१७७२ साली दिज्याँ गावचा वकील ग्वितों द मॉर्व्हो याने दाखवून दिलं की ब्रँच्या कथलासारखे इतर धातूही भस्म होताना जड होतात. तेव्हा बहुतेक रसायनज्ञ फ्लोजिस्टॉन मानत. वस्तू जळते म्हणजे तिच्यातून फ्लोजिस्टॉन नावाचं द्रव्य बाहेर पडतं. बाहेर पडतं तर वजन वाढतं कसं? ग्वितोंने त्यातून वाट काढली की फ्लोजिस्टॉन इतकं हलकं आहे की ते असताना वस्तू तरंगायला मदत होते. लाव्हाझिएने त्याच वर्षी गंधक आणि फॉस्फरस जाळले, तेही जड झाले. १ नोव्हेंबर १७७२ ला त्याने हे एका बंद पाकिटात लिहून अकादमीकडे ठेवलं. अग्रक्रमाचा वाद झाला तर पुरावा असावा म्हणून. व्यवहारी माणूस.

मग १७७४. बॉइलचाच कथलाचा प्रयोग. रिटॉर्ट फुटू नये म्हणून आधी थोडी हवा तापवून बाहेर काढली, मान बंद केली, तोललं, तापवलं, आणि उघडण्याआधी परत तोललं. वजन तेवढंच. मग टोक फोडलं, हवा सूं करून आत आली. पुन्हा तोललं. आता जेवढं वाढलं, साधारण तेवढंच कथील जड झालेलं निघालं. बॉइलच्या अग्नीकणांचा प्रश्न मिटला. बॉइलला ऐकू आलेला तो आवाजच खरं उत्तर होता, असं मला नेहमी वाटतं.

इथपर्यंत कुणी म्हणेल की हाच तर पुरावा. ठीक आहे, पुरावा म्हणा, कथलापुरता. पण पुढे १७८३ मध्ये काय झालं ते पाहा. २४ जूनला लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र जाळून पाणी बनवलं. इंग्लंडहून आलेला चार्ल्स ब्लॅगडेन तेव्हा हजर होता. पाणी मिळालं दीड तोळ्याच्या आसपास. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचं संयुग आहे हा केवढा मोठा दावा! त्यासाठी दोन्ही वायूंचं वजन आणि पाण्याचं वजन जुळवून दाखवायला हवं. पण गडबडीत केलेल्या त्या प्रयोगात वायू किती जळले याचं नेमकं मापच नव्हतं. लाव्हाझिएने काय केलं? त्याने लिहिलं की संपूर्ण वस्तू तिच्या भागांइतकीच असते हे भूमितीइतकंच भौतिकशास्त्रातही खरं आहे, आणि पाण्याखेरीज दुसरं काही उरलं नाही, तेव्हा पाण्याचं वजन हे दोन्ही वायूंच्या वजनाएवढंच असणार.

म्हणजे ज्या गोष्टीचं वजन केलं नाही तिचं वजन त्याने नियमातून काढलं. नियम इथे निष्कर्ष नाही, ते मोजायचं साधन आहे. १७८५ च्या फेब्रुवारीअखेर त्याने हा प्रयोग मोठ्या तयारीने, अनेक साक्षीदारांसमोर, पाणी तोडून आणि परत जोडून केला, तेव्हा कुठे मापं नीट झाली.

आणि आता त्याचं प्रसिद्ध पुस्तक, रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ, १७८९. राज्यक्रांतीचं वर्ष. या पुस्तकात आपला नियम कुठे सापडतो माहीत आहे का? पहिल्या पानावर नाही. प्रस्तावनेत नाही. धातूंच्या प्रकरणातही नाही. तो आहे द्राक्षाच्या रसाची दारू कशी होते या प्रकरणात, पहिल्या भागाच्या तेराव्या प्रकरणात, वाटेत सहज सांगावा तसा. कुठल्याही क्रियेत नवं काही निर्माण होत नाही, आधी आणि नंतर द्रव्य तेवढंच असतं, हे आपण स्वयंसिद्ध मानू शकतो, असा त्याचा आशय. सगळी प्रयोगकला या तत्त्वावर उभी आहे असंही तो सांगतो. स्वयंसिद्ध! भूमितीतला शब्द. प्रयोगाने सिद्ध झालेलं असं तो स्वतः म्हणत नाही. ते आपण त्याच्या नावावर नंतर लिहिलं. आणि याच पानांवर तो रसायनशास्त्रात बरोबरीची मांडणी करतो, द्राक्षरस बरोबर कार्बनिक आम्ल अधिक अल्कोहोल. आज आपण जी समीकरणं संतुलित करत बसतो त्यांचं हे मूळ.

त्या प्रकरणातला तक्ता बघण्यासारखा आहे. १०० पौंड साखर, ४०० पौंड पाणी, १० पौंड ओलं यीस्ट, एकूण ५१० पौंड. मग आंबवल्यानंतर काय काय मिळालं, पौंड, औंस, ग्रो, ग्रेनपर्यंत. शेवटच्या ग्रेनपर्यंत बेरीज जुळते. एखाद्या पेढीचा वर्षअखेरचा ताळेबंदच जणू.

आणि गंमत अशी की त्यातले मुख्य आकडे चुकीचे आहेत. थोडेथोडके नाही, चांगलेच. साखरेच्या १०० भागांत त्याने कार्बन धरला २८, हायड्रोजन ८, ऑक्सिजन ६४. आजचे आकडे कार्बन ४२, हायड्रोजन साडेसहाच्या आत, ऑक्सिजन साडेएक्कावन्न. त्याच्या हिशेबात ९५.९ पौंड साखर मोडली आणि तिच्यातून ५७.७ पौंड अल्कोहोल, ३५.३ पौंड कार्बनिक आम्लवायू आणि अडीच पौंड ॲसिटिक आम्ल मिळालं. खरं तर एवढी साखर पूर्ण आंबली तर अल्कोहोल ५२ पौंडांच्या आत आणि कार्बन डायऑक्साइड ४९ पौंड निघायला हवा, शिवाय पाच पौंड पाणीही क्रियेत खर्च व्हायला हवं. साखरेच्या घटकांत चूक, अल्कोहोलमध्ये चूक, वायूत चूक. पण या चुका एकमेकींना कापतात आणि बेरीज जुळते! पुढे किण्वनावर काम करून नोबेल मिळवलेल्या आर्थर हार्डनने हे आकडे तपासले, आणि निकाल सत्याच्या इतका जवळ गेला तो चुकांच्या सुदैवी वजाबाकीमुळे, असाच अभिप्राय दिला.

इथे जरा थांबूया. आपल्यापैकी किती जणांनी शाळा-कॉलेजच्या जर्नलमध्ये ‘यायला हवा तो’ आकडा लिहिलाय? हात वर करू नका, मला माहीत आहे. मॅग्नेशियमची फीत जाळून ऑक्साइडचं वजन करायचं, धूर उडून जातो, झाकण नीट बसत नाही, आणि तरी सगळ्या वर्गाचे निकाल जुळतात. मग लाव्हाझिएने तेच केलं का? मला तसं वाटत नाही, पण प्रश्न रास्त आहे. फ्रेडरिक होम्स या इतिहासकाराने त्याच्या प्रयोगशाळेच्या वह्या पानापानाने वाचल्या. त्यातून दिसणारा लाव्हाझिए आकड्यांशी सतत झटापट करणारा आहे, पुन्हापुन्हा हिशेब मांडणारा आहे. त्याच्याकडे मेन्ये आणि फोर्तँ या कारागिरांनी बनवलेले त्या काळातले उत्कृष्ट तराजू होते. पण तराजू कितीही चांगला असला तरी वायू गळतो, नळीला ओल राहते, काही भांड्यात चिकटतं. हिशेब पहिल्या झटक्यात जुळत नसे. तेव्हा तो नियमावर शंका घेत नसे, गळती शोधत असे. आणि फरक इथे आहे : वर्गातला मुलगा आकडा बदलून मोकळा होतो, लाव्हाझिए कुठलं खातं राहिलं ते शोधायला परत जातो. कधी सापडतं, जसं कथलात हवा सापडली. कधी सापडत नाही, आणि मग बेरीज जुळवलेली दिसते, जशी साखरेत. दोन्ही एकाच सवयीची फळं आहेत, म्हणून एकाचं कौतुक करताना दुसरं झाकू नये.

त्याच्या शेवटाबद्दल थोडक्यात. ८ मे १७९४ ला फर्मच्या २८ मक्तेदारांना गिलोटीनवर चढवलं, त्यात तो होता आणि त्याचा सासराही. आरोपांमध्ये एक होता की या लोकांनी तंबाखूत जास्तीचं पाणी घालून वजन वाढवलं.

पुढची शंभर वर्षं हा नियम कुणी तपासायच्या भानगडीत पडलं नाही असं जवळजवळ म्हणता येतं. डाल्टनच्या अणूंनी त्याला आधार दिला : अणू तेच, फक्त जागा बदलतात. मग शंका घ्यायचं कारणच काय?

कारण एक कोपऱ्यात पडून होतं. १८१५ मध्ये विल्यम प्राउटने सुचवलं होतं की सगळ्या मूलद्रव्यांची अणुभारं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत, म्हणजे सगळे अणू हायड्रोजनपासूनच बनलेले असावेत. कल्पना मोहक, पण क्लोरीनचा अणुभार साडेपस्तीस निघाला. आता हा अर्धा कुठून आला? काहींना वाटलं की पदार्थ जुळताना किंवा तुटताना वजनाचा एखादा अंश कुठेतरी जात असेल, कदाचित ईथरमध्ये. तसं असेल तर ते तपासता येईल. बर्लिनच्या हान्स लांडोल्टने १८९० च्या सुमारास हे काम हाती घेतलं. मूळचा झुरिचचा, तेव्हा साठीला आलेला. शाळेत तुम्ही ‘घड्याळी अभिक्रिया’ पाहिली असेल, रंगहीन द्रावण ठरावीक सेकंदांनी एकदम निळं होतं, ती याचीच.

त्याची पद्धत अशी. उलट्या ‘यू’सारखी काचेची नळी. एका पायात एक द्रावण, दुसऱ्यात दुसरं. वरून काच वितळवून कायमची बंद. अशी दोन जवळजवळ एकसारखी भांडी तराजूच्या दोन पारड्यांत, म्हणजे हवेच्या उचलीचा परिणाम दोन्हीकडे सारखा. तोलायचं, मग एक भांडं कलतं करून द्रावणं मिसळायची, थंड होऊ द्यायचं, परत तोलायचं. माणसाच्या अंगाच्या उबेनेही तराजू हलतो म्हणून निरीक्षण दुरून, दुर्बिणीतून.

आणि वजन घटलं! १८९३ च्या पहिल्या अहवालात चांदीचं लवण आणि लोहाचं लवण यांच्या अभिक्रियेत मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास घट दिसली. फार थोडी, पण तराजूच्या चुकीपेक्षा जास्त. मुख्य म्हणजे ती बहुतेक वेळा घटच होती. निव्वळ अनिश्चितता असती तर कधी अधिक, कधी उणी आली असती. पुढे हाइडवायलर नावाच्या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञानेही फरक दिसल्याचं छापलं. विचार करा, लाव्हाझिएच्या जागी असलेला माणूस म्हणाला असता, ‘कुठेतरी गळती आहे.’ लांडोल्टला ते म्हणायची मोकळीक नव्हती. त्याला नियमच तपासायचा होता, त्यामुळे नियमाच्या आधाराने उत्तर काढता येत नव्हतं. गळती आहे हे वेगळं, स्वतंत्रपणे दाखवावं लागणार होतं.

यात पंधरा वर्षं गेली. शेवटी कारणं सापडली ती काचेत. अभिक्रियेत उष्णता निघते, काच किंचित प्रसरण पावते आणि थंड झाल्यावर लगेच पूर्वीच्या आकाराला येत नाही, त्याला बरेच दिवस लागतात. भांडं थोडं मोठं म्हणजे ते जास्त हवा बाजूला सारतं, म्हणून हलकं भरतं. दुसरं, काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नेहमी ओलाव्याचा पातळ थर असतो, तो उबेने उडतो आणि परत बसायला वेळ घेतो. भांडी भरपूर दिवस तशीच ठेवून, या सगळ्याच्या दुरुस्त्या करून, १९०८ मध्ये लांडोल्टने निष्कर्ष जाहीर केला : उरलेले फरक ०.०३ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे प्रयोगाच्या चुकीएवढेच. एक कोटी भागांत एका भागाइतकाही बदल आढळत नाही. तेव्हा तो शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांचा होता. १९१० मध्ये गेला.

माझ्या मते ‘प्रयोगाने सिद्ध केले’ हे शब्द कुणाच्या नावापुढे लिहायचे असतील तर ते लांडोल्टच्या. आपल्या पुस्तकांत त्याचं नाव सहसा नसतं. पंधरा वर्षं राबून ‘काही फरक नाही’ असं सांगणाऱ्या माणसाची गोष्ट धड्यात बसत नाही बहुतेक.

आता तुमच्यापैकी काही जण मघापासून थांबले आहेत, आइन्स्टाइनचं काय? लांडोल्ट काचेचे थर मोजत होता तेव्हाच, १९०५ मध्ये, तो शोधनिबंध आला. त्यानुसार बाहेर पडणाऱ्या ऊर्जेबरोबर वस्तुमानही जातं. किती? १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळा. सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता निघते. ती बाहेर गेली की उरलेला कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅमपेक्षा सुमारे ४.४ नॅनोग्रॅमनी कमी भरायला हवा. म्हणजे दहा अब्ज भागांत एक भाग. लांडोल्टचा तराजू एक कोटीत एक एवढंच ओळखू शकत होता. त्याला हजारपट बारीक नजर हवी होती. तेव्हा तो शोधत होता ती घट खरोखर आहे, फक्त त्याला दिसलेली ती नव्हती. अगदी अलीकडे, २०२० मध्ये, जर्मनीत हायडलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने चुंबकीय सापळ्यात अडकवलेल्या रेनियमच्या आयनाबाबत दाखवलं की आतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पातळीवर असला की आयन जड भरतो. फरक अब्जात एकाच्या घरात.

आणि जाता जाता बॉइलकडे. लाव्हाझिएने आपल्या १७८९ च्या मूलद्रव्यांच्या यादीत उष्णतेलाही जागा दिली होती, ‘कॅलोरिक’ म्हणून, पण वजनाच्या खात्यात तिला शून्य धरलं होतं. बॉइल म्हणत होता की अग्नी काचेतून आत जातो आणि त्याला वजन असतं. एक किलो पाणी बंद काचेच्या भांड्यात बर्फाच्या तापमानापासून उकळत्या तापमानापर्यंत तापवलं तर ते सुमारे ४.७ नॅनोग्रॅमनी जड होतं. बॉइलच्या कथलात जे वाढलं होतं ते अर्थातच हे नव्हतं, ती हवाच होती.

चला, प्रश्न घेऊया.